खाच

फोमच्या कोऱ्या तुकड्यावर त्याने सुरी टेकवली आणि पुन्हा उचलली. जन्मभर लोकांचे सोफे भरले, पण धडधाकट गादीला मागून खाच पाडायची वेळ कधी आली नव्हती.

"कापा की आता," शिलाई मशीनवरून बायको म्हणाली. "बाईंनी सांगितलंय ना?"

फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितलं होतं खरं. जिन्यावरून घसरल्यापासून त्याचं माकडहाड ठणकत होतं, थांबायचं नावच घेत नव्हतं. इंजेक्शन, ऑपरेशन एवढ्यात नको, असं त्या म्हणाल्या होत्या. मागे खाच असलेल्या उशीवर बसायचं, शेक घ्यायचा, शिकवलेले व्यायाम करायचे, मधूनमधून उठायचं. नाहीच थांबलं, तर पुढचं बघू. त्या 'पुढचं'ने त्याची झोप उडवली होती. बसताच आलं नाही तर दुकान कसलं चालवणार?

उशी झाली आणि हळूहळू उतार पडू लागला. येणाऱ्याजाणाऱ्याला तो ती उशी दाखवायचा.

"हाड माकडाचं, कौतुक राजपुत्राचं," बायको म्हणायची.

एका दुपारी तो बाईंकडे व्यायाम करून दुकानात परतला. बसण्याआधी सवयीने उशीवरून तळवा फिरवला. गिऱ्हाइकाच्या सोफ्याची गादी कुठे दबलीय यावरून घरातलं कोण तिथे बसतं, हे तो अचूक ओळखायचा. फोम डावीकडे दबला होता आणि तो स्वतः तर उजवीकडे कलून बसायचा.

त्याने वर पाहिलं. बायको लाकडी स्टुलावर डावीकडे कलून कव्हर शिवत होती. ती नेहमी अशीच बसायची. मशीनवर बसायची तिची ढब असेल, असं तो धरून चालला होता.

"मी नसताना उशीवर तू बसतेस?"

मशीन थांबलं. चोरी पकडल्यासारखी ती हसली.

"थोडा वेळच. बरं वाटतं."

"कधीपासून दुखतंय?"

"धाकटी झाली तेव्हापासून."

धाकटीचं लग्न होऊन वर्ष झालं होतं.

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"बसून काम करणाऱ्या सगळ्यांनाच दुखतं, असं वाटलं मला."

त्याला स्वतःचीच शरम वाटली. त्याने उशी उचलून तिच्या स्टुलावर ठेवली आणि कोपऱ्यातला सगळ्यात चांगला फोम ओढला. या वेळी सुरी अडखळली नाही.

"अहो, मग तुम्ही कशावर बसणार?"

"बस तू," तो म्हणाला आणि उभ्यानेच कापत राहिला.