तालाकाठची कच्ची वाट

काचबिंदूनं विश्वेशची नजर गेली, तेव्हा त्यानं सगळ्यात आधी सोडली ती सायकल. रामघाटावरून निघून, राजघाटचा पूल ओलांडून, तालाच्या, म्हणजे मोठ्या तळ्याच्या, काठानं आणि पाणथळीतून थेट जंगलापर्यंत जाणारी खडीची वाट त्यानंच शोधली होती. सायकल सुटल्यावर तो घरात नुसता बसून राहिला. शेवटी त्याच्या बायकोनं, मधुरानं, दोघांनी पेडल मारायची, दोन सीटची सायकल मिळवली आणि एका सकाळी त्याला मागे बसवलं.

पूल उतरल्यावर तो खुलला. चाकाखाली खडी वाजायला लागली तसा म्हणाला, "आता डावीकडे ताल येईल. सारस दिसतात का बघ."

मधुरानं ब्रेक दाबला. डावीकडे पाणीच नव्हतं. ताल मुरूम टाकून बुजवला होता आणि त्यावर प्लॉटांचे खांब रोवले होते.

"थांबलीस का? पक्षी का ओरडत नाहीत?"

खोटं बोलावं असं तिला वाटलं, पण जमलं नाही. "अहो, ताल बुजवलाय. प्लॉट पाडलेत."

तो उतरला. पायानं चाचपत भरावावर बराच पुढे गेला. सगळीकडे कोरडंच लागलं, तेव्हा तिथंच खाली बसला.

"मला वाटायचं, फक्त मला दिसत नाही. बाकी सगळं जागच्या जागी आहे," तो म्हणाला.

"जंगलापर्यंत तरी जाऊ या ना."

"नको. तिथलं काही मला कळायला नको."

परतताना त्यानं पेडल मारलंच नाही. पुलाच्या चढावर मधुराला धाप लागली, तरी ती एकटीच पेडल मारत राहिली.