आधी चापट

चष्मेवाल्याने लेकीच्या हातावर चापट मारली आणि मुठीतली काच सोडवून घेतली. काचेवर अंगठ्याचा ठसा उमटला होता, मधोमध एक ओरखडाही होता. ठसा पुसता आला असता. ओरखड्याला इलाज नव्हता.

चार वर्षांची पोर, पण रडली नाही. हात फ्रॉकला पुसून खेळायला पळाली.

"कोडगी झालीय," दारातून त्याची थोरली बहीण म्हणाली. "तुझ्यावरच गेलीय. मारून मारून आपल्या बाबांचा हात दुखायचा, पण तू कुठला ऐकतोस!"

"शेवटी सुधारलोच ना, ताई?"

"सुधारलास की सांग. मी आहेच इथे."

तो हसला खरा, पण काच हातात तशीच फिरवत राहिला. त्याचं मागणं फार नव्हतं. आपली पाठ वळली तरी पोरीने हात आवरावा, एवढंच. चापटा वाढल्या तशा काचाही जास्तच खराब होऊ लागल्या होत्या. हे त्याला दिसत होतं. पण एकाचा दुसऱ्याशी संबंध असेल, असं काही त्याच्या मनात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो एका फ्रेमचा स्क्रू पिळत बसला होता. पोर येऊन टेबलाशी उभी राहिली आणि तिने उजवा तळहात पुढे केला.

"बाबा, मार ना."

"का गं? काय केलंस?"

"अजून काही नाही."

"मग?"

"आधी मार. मग मी ती गोल काच घेते."

आवाजात भीती नव्हती, हट्टही नव्हता. जत्रेतल्या पाळण्यात बसायच्या आधी तिकीट काढावं, तसा सरळ मामला.

स्क्रू अर्धाच राहिला. त्याने हात पुसले, तिला मांडीवर घेतलं आणि गोल काच तिच्या डाव्या हातात दिली.

"कडेनं धर. मधे बोट लावायचं नाही."

तिने श्वास रोखला. दातांत जीभ धरून, चिमटीत पकडलेल्या काचेतून ती खिडकीकडे बघत राहिली. बराच वेळ. मधे बोट लागलं नाही.

"आता मारशील?"

"नाही."

"मग कधी?"

तिचा उजवा हात अजून तसाच पुढे होता, उघडा.

"पुसायला दोन्ही हात लागतात," तो म्हणाला आणि त्या तळहातावर मऊ फडकं ठेवलं.

तिची बोटं त्यावर मिटायला जरा वेळ लागला.