भीती वाटते का?

बंदराच्या तोंडाशी ग्वाल्तेर जेटस्की थांबवायचा आणि मागे बसलेल्या अदेलिनोला विचारायचा, "भीती वाटते का?" "वाटते," असं उत्तर आलं तरच पुढे. ज्याला भीती वाटत नाही त्याला मोठ्या लाटेवर सोडायचं नाही, हा दोघांचा पहिल्या हिवाळ्यापासूनचा नियम.

आज अदेलिनो म्हणाला, "वाटते."

त्याला काहीच वाटत नव्हतं. ऑगस्टमध्ये बायको, फ्लोरबेला, वारल्यापासून वाटलं नव्हतं. पोर्तुगालमधल्या नाझारेचा समुद्र बायकांना विधवा करतो. इथे नवराच मागे उरला होता. पण या हिवाळ्यात एक तरी मोठी लाट घेतली नाही, तर प्रायोजक त्याचं नाव यादीतून काढणार होते. पंचेचाळिशीतल्या माणसाला मग कोण विचारतो?

दीपगृहाच्या कड्यावर दुर्बीण घेऊन फ्लोरबेला उभी राहायची. कुठली लाट घ्यायची, कुठली सोडायची, ते रेडिओवरून सांगायची. आज तिथे तिची थोरली बहीण देओलिंदा होती. वाळत घातलेले मासे शेजारणीवर सोपवून आली होती.

"ग्वाल्तेर, पहिली सोड," रेडिओ खरखरला. "दुसरीही सोड, फुसकी आहे, तुझ्यासारखी."

"सकाळी सकाळी कौतुक!" ग्वाल्तेर हसला.

"तिसरी. ही घ्या."

जेटस्कीने वेग घेतला. अदेलिनो आता मागे, जेटस्कीला बांधलेला दोर धरून फळीवर उभा होता. मागे पाणी चढत गेलं, चर्चच्या मनोऱ्याएवढं झालं. त्याने ते पाहिलं. भिंत पाहावी तसं.

"ग्वाल्तेर, बाहेर काढ त्याला!" देओलिंदा ओरडली. "आत्ता!"

ग्वाल्तेरने विचारलं नाही. जेटस्की लाटेच्या खांद्यावरून पलीकडे वळवली. दोर अदेलिनोच्या हातातच होता. लाट त्यांच्याशिवाय फुटली.

दोघे बंदरात परतले. देओलिंदा कड्यावरून धापा टाकत खाली आली.

"दोर सोडायच्या आधी तू जाकिटाची दोरी चाचपतोस," ती म्हणाली. "दर वेळी. फ्लोरबेला सांगायची, हात तिथे गेला की माझा जीव भांड्यात पडतो. आज हात गेलाच नाही."

जाकीट फुगवायची ती दोरी ओढली तरच माणूस पाण्यावर येतो. अदेलिनोने खाली पाहिलं. दोरी जागेवर होती.

"विसरलो," तो म्हणाला.

"बंदराच्या तोंडाशी खोटं बोललास," ग्वाल्तेर म्हणाला. "मला रे, मला?"

वाईट वाटायला हवं, एवढं अदेलिनोला कळत होतं.

देओलिंदाने त्याला घरी नेऊन माशाच्या रश्श्याचा वाडगा पुढे ठेवला. तो खात राहिला. वाडगा रिकामा झाला.

"मीठ कसं झालंय?"

त्याने आठवून पाहिलं. "कळलं नाही."

"घातलंच नव्हतं," ती म्हणाली, आणि दुर्बीण कपाटात ठेवून दिली. "उद्याही लाटा मोठ्या आहेत. तू जायचं नाहीस."

"नाव काढतील."

"काढू देत."

त्याने होकारार्थी मान हलवली, आणि मिठाची वाटी पुढे ओढून चिमूटभर जिभेवर ठेवलं.