कपाटावरची दुनळी

मी दुनळी बंदूक बोलतेय. दचकू नका, आज नुसतंच बोलणार आहे. खरं सांगायचं तर सबंध आयुष्यात मी तोंड उघडलं ते चार-दोन वेळाच, तेही मालकांचा हात बसावा म्हणून, गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर. बाकी सगळा जन्म गप्प राहण्यात गेला. पण गप्प राहणाऱ्याला दिसतं फार.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. नळ्या एकाने घासल्या, चाप दुसऱ्याने बसवला आणि दस्ता कोरला एका म्हाताऱ्या सुताराने, अक्रोडाच्या लाकडातून. त्याला बंदुकीत काडीचा रस नव्हता. एवढं देखणं लाकूड, याची खुर्ची झाली असती, असं तो सारखा पुटपुटायचा. मला तेव्हा त्याचा रागच आला होता. खुर्ची काय, कुणीही होतं, असं वाटायचं. तरुणपणी आपल्या सगळ्यांनाच असं वाटतं.

दुकानात मला पाहायला आले ते वखारवाले. लाकडाच्या वखारीचे मालक, शांत, जाडजूड, कानामागे पेन्सिल खोचलेले. दुकानदार माझ्या नळ्यांचं कौतुक सांगत होता आणि यांचं तिकडे लक्षच नाही. त्यांनी माझ्या दस्त्यावर बोटाने टकटक केलं, नाकाजवळ नेऊन वास घेतला आणि म्हणाले, “अक्रोड आहे. नीट वाळवलेला.” झालं, सौदा ठरला. परवाना आधीच हातात होता. बंदूक लाकडासाठी पसंत करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

घरी गेल्यावर मालकीणबाईंनी मला नखशिखांत न्याहाळलं. “हे घरात कशाला?” त्यांनी विचारलं. मालक म्हणाले, वखार गावाच्या कडेला आहे, आपल्या रक्षणासाठी असू दे. त्यावर बाई म्हणाल्या, “मग हिच्यापासून आपलं रक्षण कोण करणार?” मालक हसले. बाई हसल्या नाहीत. शेवटी असं ठरलं की मी राहणार कपाटावर, कापडात गुंडाळून, आणि काडतुसं राहणार बाईंच्या ताब्यात. बाई कपडे शिवायच्या. शिवणयंत्राच्या खणात, दोऱ्याच्या रिळांखाली, त्यांनी ती डबी ठेवून दिली.

मी कामाला आले ती वेळ सांगते, कारण ती लपवणं बरं नाही. एका संध्याकाळी वखारीच्या मागच्या भिंतीवरून तिघे जण आत उतरले. एकाच्या हातात कोयता होता. वखारीत मालक आणि त्यांचे वयस्कर दिवाणजी, दोघंच. त्या दिवशी दस्त्याला तेलपाणी करायला म्हणून मालकांनी मला तिथे नेलं होतं, हा निव्वळ योगायोग. मालक मला घेऊन दारात उभे राहिले. तिघे आले तसे भिंतीवरून पसार झाले, एकाची चप्पल तेवढी मागे राहिली. दिवाणजी मटकन लाकडाच्या थप्पीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

मी रिकामी होते, बरं का. काडतुसं घरी, रिळांखाली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तसं झालं. पण त्या संध्याकाळी मी दोन जीव वाचवले, हे मी छातीठोकपणे सांगते. त्या कोयत्याची धार मी पाहिली होती.

मग काय विचारता! गल्लीत माझा बोलबाला झाला. सांगता सांगता चोर तिघांचे पाच झाले, पाचांचे सात झाले. ज्याला त्याला घरात आपलं एखादं हत्यार असावंसं वाटू लागलं. शेजारच्या ठेकेदाराने तर पिस्तूल आणलं. चोर काही त्याच्याकडे कधी आला नाही. आला तो धाकटा भाऊ, फाटकासमोर गाडी कुणी लावायची यावरून भांडायला. एरवी दोघे तासभर तणतणले असते आणि संध्याकाळी एका टेबलावर चहा प्यायले असते. पण पिस्तूल खिशातच होतं. भाऊ अजून लंगडतो. त्याला दवाखान्यात उचलून नेणाराही ठेकेदारच होता, ओक्साबोक्शी रडत.

तेव्हा मालकीणबाईंनी माझा विषय काढला होता. मालक म्हणाले, ठेकेदाराचं डोकं तापट, माझं तसं नाही. आणि ते खरंच होतं. इतका थंड डोक्याचा माणूस शोधून सापडायचा नाही. बाईंनाही ते पटलं, आणि वखारीतली ती संध्याकाळ आठवून त्याच पुढे म्हणू लागल्या, ती आहे म्हणून आपण आहोत.

पण डोकं तापट नसलं म्हणून शाबूत राहतंच असं नाही. मालकांचं वय झालं, वखार विकली, आणि त्यांना विसर पडू लागला. आधी चष्मा. कपाळावर चष्मा आणि घरभर शोधाशोध, काखेत कळसा नि गावाला वळसा. घरात हसू व्हायचं, मीही हसले. मग शेजाऱ्यांची नावं गेली. मग एकदा ते बाहेर पडले आणि आपल्याच गल्लीत रस्ता चुकले. त्यानंतर कुणी हसलं नाही.

त्यांची एकुलती एक लेक. तिची गाडी शिकवायची शाळा आहे, दोन गल्ल्या पलीकडे राहते, रोज दुपारी औषधं घेऊन येते. जीभ तिखट, पण बापावर जीव. तिने सगळ्यात आधी मालकांच्या गाडीची किल्ली काढून घेतली. मालक दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मग बाईंनी गॅसचा लायटर लपवला, दाढीचं पातं लपवलं, गच्चीच्या जिन्याला कडी घातली. ज्याच्याने इजा होईल ते ते सगळं दोघींनी उचलून ठेवलं. मी मात्र कपाटावर होते तिथेच. मी काही इजा करणाऱ्यांत मोडत नव्हते ना! मी रक्षण करणारी.

लेकीच्या मनात एकदा आलं होतं. आई, ती बंदूक हलवूया का, असं ती म्हणाली. बाई म्हणाल्या, राहू दे गं, काडतुसं माझ्याकडे आहेत, आणि कपाटावर ती दिसली की त्यांना झोप लागते, तेवढंच उरलंय त्यांचं. लेकीने विषय सोडला. मला त्या दिवशी बाईंचं बोलणं फार गोड लागलं. आज तेच आठवून अंगावर काटा येतो.

पुढे एका दुपारी मालकांच्या सदऱ्याचं बटण तुटलं. बाई वर गच्चीत कपडे वाळत घालत होत्या. मालक स्वतःच उठले आणि शिवणयंत्राचा खण उघडून बटण शोधू लागले. रिळं बाजूला सारली. खाली डबी.

नातेवाइकांची नावं विसरणारा हा माणूस, पण हात काही विसरले नव्हते. स्टुलावर चढून त्यांनी मला खाली घेतलं, कापड सोडलं, मधून उघडलं, दोन्ही नळ्यांत काडतुसं सरकवली आणि मिटलं. एकदाही चाचपडले नाहीत. मला कसं सांगू, त्या हातांत मी किती वर्षांनी आले होते आणि मला किती भीती वाटली. मग ते मला मांडीवर घेऊन खुर्चीत बसले आणि तसेच पेंगू लागले.

स्वयंपाकघराचं मागचं दार वाजलं. पुढच्या दाराची घंटा वाजली की मालक घाबरतात म्हणून लेक हल्ली मागूनच यायची. पाऊल न वाजवता, तेही त्यांच्यासाठीच. मालक जागे झाले. कुणीतरी मागच्या दाराने, चोरपावलांनी आत येतंय. ते उठले, मला खांद्याला लावलं, आणि लेक दारात आली तेव्हा माझी दोन्ही तोंडं तिच्या छातीकडे होती.

“बाबा, मी आहे,” ती म्हणाली. मालकांच्या चेहऱ्यावर ओळखीचं काही उमटलं नाही. त्यांचं बोट चापावर आलं. मी थांबवू शकत नाही हो. लोकांना वाटतं बंदुकीला कळतं, चोर कोण नि लेक कोण. मला कळत होतं. पण कळून काय उपयोग, चापाला मन नसतं.

लेक पुढे आली नाही की मागे सरली नाही. तिने पिशवी हळूच खाली ठेवली आणि आवाज बदलून, दिवाणजी हाक मारायचे अगदी त्या सुरात म्हणाली, “मालक, गाडी आलीय. मापं घ्यायला चला.”

लहानपणी सुट्टीत ती वखारीत खेळायची, तिथे रोज ऐकलेली हाक. मालकांच्या कपाळावरची आठी सैल झाली.

“कुठलं लाकूड?” त्यांनी विचारलं.

“अक्रोड.”

“अक्रोड? एवढं महागाचं कुणी मागवलं?” असं कुरकुरत त्यांनी मला टेबलावर ठेवलं आणि खिसे चाचपायला लागले. “माझी टेप कुठंय?”

बाई कपड्यांची बादली घेऊन खाली आल्या तेव्हा लेक जमिनीवर बसली होती. मी उघडी, तिच्या मांडीवर. दोन काडतुसं तिच्या मुठीत. मालक शिवणकामाच्या टेपने टेबलाचा पाय मोजत होते. बाईंना कुणी काही सांगितलं नाही, सांगायची गरजच नव्हती. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, “उद्या नको. आत्ताच नेऊया.”

लेकीच्या शाळेच्या गाडीतून आम्ही चौघं पोलीस ठाण्यात गेलो. मालकांनी हट्टाने मला मांडीवर घेतलं. रिकामी होते, म्हणून लेकीने घेऊ दिलं. वाटेत ते दस्त्यावरून हात फिरवत होते.

ठाण्यातला पोलीस तरुण होता, बोलायला गोड. मला ताब्यात घेताना त्याने सहज मालकांना विचारलं, “आजोबा, कधी कामाला आली का ही?”

“आली ना,” मालक ताठ बसून म्हणाले. “घरात चोर शिरला होता. बाईमाणूस होती. हातात औषधांची पिशवी. घरी कुणीतरी आजारी असेल बिचारीच्या. मी सोडून दिलं.”

तो तिघांचा, कोयत्याचा, खरा प्रसंग त्यांच्या डोक्यातून पार पुसला गेला होता. मालकीणबाईंनी पदर तोंडाला लावला. लेक शेजारीच उभी होती. तिने बापाच्या सदऱ्याची कॉलर नीट केली, बटण तुटलेल्या जागी जरा थांबली, आणि म्हणाली, “बरं केलंत, बाबा.”

आता मी ठाण्याच्या कोठारात, लोखंडी मांडणीवर उभी आहे. अंगावर धूळ बसते, तिची तक्रार नाही. तुमच्याही घरात माझी एखादी बहीण कपाटावर पडून असेल. असली तर एक सांगणं आहे. बाहेरच्या चोराचा विचार तुम्ही केलाच असेल, म्हणून तर तिला आणलंत. पण अधूनमधून घरातल्या माणसांकडेही बघत जा. कोण म्हातारं होतंय, कोण रागावलंय, कोण आतल्या आत कुढतंय. माणसं बदलतात, आम्ही बदलत नाही.

खुर्चीबद्दल पुटपुटणाऱ्या त्या म्हाताऱ्या सुताराची मला हल्ली फार आठवण येते. त्याचं ऐकलं असतं कुणी, तर आज दुपारी मालक माझ्यावर पाठ टेकून बसले असते, आणि मागच्या दाराने येताना लेकीला घाबरायचं काही कारण नसतं.