दोघांची टीम

मॉलमॉलमध्ये भरणारी व्हिडिओ गेमची स्पर्धा इंदूर, भोपाळ करत उज्जैनला आली, तेव्हा ऋतानं विहंगदादाला न विचारताच दोघांची नावं दिली. देवास रोडवर ट्रकनं त्याची गाडी उडवल्याला वर्ष होत आलं होतं. पाय बरा झाला, पण हॉर्न ऐकला की त्याला घाम फुटायचा. घराबाहेर पडणं त्यानं सोडलंच होतं. बहिणीशी फुटबॉलचा गेम मात्र मन लावून खेळायचा.

कसाबसा तो मॉलपर्यंत आला. पहिली मॅच ते जिंकले. दुसरीत एक-एक गोल झालेला असताना वरच्या मजल्यावरून कुणीतरी जोरात भोंगा वाजवला. विहंगनं कंट्रोलर खाली ठेवला आणि उठून निघून गेला.

"मॅडम, एक खिलाड़ी गया तो टीम बाहर," पंच म्हणाला.

"दो मिनट रुकिए, भैया." ऋता दादामागे धावली.

तो पार्किंगच्या जिन्यात बसला होता. श्वास लागला होता, शर्ट भिजला होता. आता हा पुन्हा खोलीत कोंडून घेणार, आईला काय तोंड दाखवू, असं ऋताच्या मनात आलं.

"दादा, घरी चल. मी तुला विचारायला पाहिजे होतं."

"पाहिजेच होतं."

ती शेजारी बसली. बऱ्याच वेळानं त्याचा श्वास जागेवर आला.

"बॉल आपल्याकडे होता ना?"

"होता."

कठडा धरून तो उठला. "हात धरू नको. नुसती सोबत चल."

ते परतले तेव्हा समोरच्या टीममधली मुलगी पंचाला सांगत होती, "सर, हम रुके हैं ना. ऐसे थोड़ी जीतना है."

खेळ सुरू झाला. पण ऋताची नजर सारखी दादाच्या बोटांकडे जात होती, आणि त्यातच तिच्या बाजूनं बॉल निसटला. गोल झाला.

"माझ्याकडे काय बघतेस? स्क्रीनकडे बघ," तो वैतागून म्हणाला.

ते हरले. ऋता घाईघाईनं पर्स उचलू लागली.

"बस ना थोडी," विहंग म्हणाला. "फायनल बघून जाऊ."

पुन्हा भोंगा वाजला. त्यानं डोळे गच्च मिटले, खुर्चीची कड आवळून धरली. ऋताही श्वास रोखून बसली. मग त्यानं डोळे उघडले. तो बसूनच होता.