बेडकीचा पाला

राजनंदिनी गावाकडे येते ती पाल्यासाठी, आपल्यासाठी नाही, हे पहिल्याच खेपेला तिच्या आईच्या, नंदाबाईच्या, लक्षात आलं होतं. तिनं ते मनाला लावून घेतलं नाही. पोर येतेय ना, मग पाल्यासाठी येवो नाहीतर माळावरच्या गोट्यांसाठी येवो. संभाजीनगरहून जालना, जालन्याहून मंठा आणि तिथून टमटम, असे धक्के खात राजी दारात उभी राहिली की नंदाबाईच्या अंगात दहा माणसांचं बळ येई.

पाला होता बेडकीचा. विहिरीजवळच्या बांधावर बोरीच्या अंगावर चढलेला तो वेल कुणी लावलेला नव्हता. पुस्तकात त्याला गुडमार म्हणतात, आणि नाव अगदी रास्त आहे. त्याचं पान चावून वर गूळ खाल्ला तर गूळ मातीसारखा लागतो. राजी पाच वर्षांची असताना तिच्या बापानं, मच्छिंद्रनं, तिला ही गंमत दाखवली होती. पोरीनं गुळाचा खडा तोंडात धरून भोकाड पसरलं. तिला वाटलं, जगातली गोडी संपली. नंदाबाईनं तिला कडेवर घेतलं आणि म्हणाली, थांब, गोडी येते परत. अर्ध्या तासानं गोडी परत आली तेव्हा राजीनं सगळ्या गल्लीला ओरडून सांगितलं होतं.

पुढं मच्छिंद्रलाच साखर झाली. तीस वर्षं पाठीवरच्या पंपानं कपाशीवर औषध मारणारा माणूस, तोंडाला कधी साधं फडकं बांधलं नाही. आधी पायाचं बोट गेलं, मग मूत्रपिंडं गेली, मग तो गेला. राजी तेव्हा एमएस्सी करत होती. बाप गेल्यावर ती एकाच प्रश्नाच्या मागे हात धुऊन लागली. माणसाच्या पोटात इन्शुलिन बनवणाऱ्या ज्या बारीक पेशी असतात, त्या या फवारणीच्या औषधानं मरतात का, आणि मरत असतील तर बेडकीच्या पाल्यातलं काही त्यांना वाचवतं का. बापाची साखर औषधामुळेच झाली असं कुणी म्हणू नये, हे ती दर वेळी बजावून सांगायची. माहीत नाही म्हणून तर शोधतेय, म्हणायची.

त्या पेशी ती विद्यापीठात काचेच्या बशीत वाढवायची. त्यांना दोन-तीन दिवसांआड खाऊ घालावं लागतं, तिथं रविवार नाही की सण नाही. दिवाळीला ती आली नाही ती त्यांच्याचमुळं. न पाहिलेल्या त्या पेशींचा नंदाबाईला सवतीसारखा राग यायचा. अहो, म्हैससुद्धा दोन दिवस शेजारणीच्या भरवशावर टाकता येते, आणि या बशीतल्या जिवांना मात्र राजीच हवी!

पाल्याची पहिली खेप श्रावणातली. राजी दोन दिवस राहिली, मायलेकींनी मिळून पाला खुडला. तिचे नियम नंदाबाईनं तोंडपाठ केले. दव उडाल्यावर खुडायचा, धुवायचा नाही, पेपरावर पसरायचा नाही, सुती धोतरावर सावलीत वाळवायचा. महिन्याभरानं फोन आला. बशीत औषध टाकलं तरी पाल्याचा अर्क घातलेल्या पेशी पुष्कळशा जगल्या होत्या. राजी फोनवर हसत होती. बाप गेल्यापासून नंदाबाईनं ते हसू ऐकलं नव्हतं. दसऱ्याला आणखी पाला लागेल, मी येते, असं सांगून तिनं फोन ठेवला.

आणि पोळ्यानंतर वेलाला मावा कीड लागली. शेंड्याची पानं गोळा झाली, चिकट पडली. नंदाबाईनं पानं उलटून बघितली. पाला खराब झाला तर राजी कशाला येईल? राजीचा धाकटा भाऊ सोमेश्वर बाजाराला गेला होता. तिनं कपाशीचं उरलेलं औषध पंपात थोडं कालवलं, पंप पाठीवर घेतला आणि वेल खालपासून वरपर्यंत फवारून काढला. आठ दिवसांत वेल असा तरारला की राजी आल्याबरोबर खूश झाली. संक्रांतीच्या खेपेलाही नंदाबाईनं तेच केलं. यात काही चुकतंय हे तिच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. मावा लागला की औषध मारायचं, हे तिला परकर नेसायच्या वयापासून ठाऊक. राजीच्या नियमांतही औषध मारू नको असं कुठं नव्हतं. बांधावरच्या रानवेलावर कोण औषध मारील, म्हणून तिनं ते सांगितलंच नव्हतं.

शिमगा झाल्यावर राजी न कळवता आली. हातात पाल्याची पिशवी नव्हती. नंदाबाईनं तेवढंच आधी पाहिलं.

ओसरीवर चहा पिता पिता राजीनं सगळं सांगितलं. दसऱ्याच्या आणि संक्रांतीच्या, दोन्ही पाल्यांनी पेशी वाचवण्याऐवजी मारून टाकल्या होत्या. बशीत वेगळं औषध घातलंच नव्हतं, तरी मेल्या. श्रावणातलं यश हा नुसता योगायोग होता, असं तिच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. शेवटी तिनं पाला तपासायला दिला, तर पानांच्या रसातच कपाशीचं औषध उतरलेलं निघालं, धुऊन न जाणारं. मग ती सोमेश्वरवर घसरली. वारं बघत न्हाईस, कुठंही फवारतोस, म्हणाली. तो बिचारा त्या बाजूला आपण कधी फवारत नाही एवढंच म्हणाला. रानातला वेलही औषधातून सुटत नाही, असं ती आता प्रबंधात लिहिणार होती. पाला यापुढं विद्यापीठाच्या बागेतून मिळणार होता.

नंदाबाई उंबऱ्यावर बसून ऐकत होती. ती गप्प राहिली असती तर कुणाला कधी कळलंही नसतं. राजी तशीही आता यायची नव्हती, निदान तिच्या नजरेतून उतरायची तरी वेळ आली नसती. पण सोमेश्वर खाली मान घालून बसला होता. आणि नंदाबाईच्या कानात ते फोनवरचं हसू होतं. ते हसू योगायोगाचं नव्हतं, हे जगात तिला एकटीलाच माहीत होतं.

"सोमाला बोलू नको," ती म्हणाली. "म्या मारलं औषध. मावा लागल्ता."

राजी तिच्याकडे वळली. "तू? कशाला गं, माय?"

"पाला सडला असता तर तू आली असतीस का?"

सोमेश्वर उठून गोठ्याकडे निघून गेला. राजी रागावेल, रडेल, निदान कपाळाला हात लावेल असं नंदाबाईला वाटलं. राजीनं खांद्यावरच्या बॅगेतून वही काढली. श्रावणात काही मारलं होतं का, हे तिनं पहिल्यांदा विचारलं. बिलकुल नाही, नंदाबाईनं सांगितलं, श्रावणात मावाच नव्हता. राजीनं डोळे मिटून घेतले. म्हणजे तो पाला खरा होता, पेशी खरंच जगल्या होत्या. मग तिनं फवारणीचे दिवस विचारले. नंदाबाईला ते शोधावे लागले नाहीत. दसऱ्याच्या आधी आठ दिवस, संक्रांतीच्या आधी आठ दिवस, बराबर. राजी लिहीत गेली.

"आणि मधी? दिवाळीला मावा नव्हता?"

"व्हता की. लई व्हता."

"मंग तवा न्हाई मारलं?"

"दिवाळीला तू येणार नव्हतीस," नंदाबाई म्हणाली. "मंग कशाला मारू?"

राजीचं पेन थांबलं. वहीत तिच्या स्वतःच्या येण्याचे दिवस ओळीनं उतरले होते, आणि ते अगदी थोडे होते.

दुपारची गाडी तिनं सोडली. सकाळी दोघी बांधावर गेल्या. या वेलाला वर्षभर हात लावायचा नाही, राजीनं सांगितलं, मावा लागला तर लागू दे, पानं गळली तर गळू देत. मी येत जाईन. पाला न्यायला का, असं नंदाबाईनं विचारलं. पाला आता वर्षभर न्यायचाच न्हाई, राजी म्हणाली आणि आईचा हात धरून उभी राहिली.

त्याला दोन महिने होऊन गेले. फोन येतात. पेशी नव्यानं वाढवल्यात, प्रयोग पहिल्यापासून मांडलाय, सवड मिळाली की येते, असं राजी सांगते. खोटं सांगत नाही, हे नंदाबाईला कळतं. सवड मिळत नाही, हेही कळतं.

वेलाला पुन्हा मावा लागलाय. नंदाबाई रोज सकाळी बांधावर जाते. पंप घरी खुंटीला आहे, औषधाची बाटली फळीवर आहे. गोळा झालेली पानं ती बघते आणि दोन्ही हात पदरात घेते. बांधावरून मंठ्याचा रस्ता दिसतो. एखादी टमटम वळणावर हळू झाली की ती उठून उभी राहते, आणि टमटम पुढं निघून जाते.

"थांब," गुळासाठी रडणाऱ्या पोरीला म्हणाली होती तसं ती स्वतःलाच म्हणते, "येते परत." मग उन्हं अंगावर येईपर्यंत ती तिथंच बसून राहते.