एक जूनला जन्मलेल्या दोघी

मित्रांनो, मी नऊशे ओळींचा एक जुना प्रोग्राम आहे. मला रंग नाही, वजन नाही, अंगावर बसायला धूळही नाही. शहाद्याच्या एका छोट्या आरोग्य मंडळाच्या कार्यालयात, खिडकीजवळच्या संगणकात मी राहतो. एकाच माणसाचं नाव यादीत दोनदा आलं असेल तर ते शोधून काढायचं, एवढंच माझं काम. ऐकायला साधं वाटतं. बरीच वर्षं मलाही ते साधंच वाटत होतं.

माझी यादी कसली, ते आधी सांगायला हवं. आमच्या सातपुड्याच्या डोंगरात सिकलसेल नावाचा आजार आहे. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, नसांत अडकतात, आणि माणसाची हाडं अशी दुखतात की त्याला झोपही येत नाही. रोज गोळी घेतली तर हे दुखणं बरंचसं आटोक्यात राहतं. काही माणसांच्या रक्तात हा दोष अर्धाच असतो. त्यांना वाहक म्हणतात. त्यांना त्रास नसतो आणि गोळीही लागत नाही. मंडळ या सगळ्यांची नोंद ठेवतं, आणि ज्यांना गोळी लागते त्यांच्या नावाची पाकिटं दर महिन्याला जीपने डोंगरात पाठवतं.

आता होतं असं, की एखादी मुलगी मोलगीच्या बाजारात तपासली जाते, मग आश्रमशाळेत तपासली जाते, आणि घरच्यांबरोबर सारंगखेड्याच्या यात्रेला आली की तिथल्या शिबिरातही तिचं रक्त घेतलं जातं. मुलगी एकच, पण नावं तीन आणि पाकिटंही तीन. मग दुसऱ्या कुणाला गोळ्या कमी पडतात. म्हणून माझा जन्म झाला.

मला लिहिलं हिलाल आप्पांनी. ते प्रकाशा गावचे, गणिताचे निवृत्त शिक्षक. पुस्तकं वाचून वाचून प्रोग्राम लिहायला शिकले. माणूस इतका भिडस्त, की कार्यालयात आले तरी दारात थांबून विचारायचे, "आत येऊ का?" माझी एक ओळ लिहायची आणि तिच्याखाली स्वतःसाठी एक टीप लिहून ठेवायची, अशी त्यांची पद्धत होती. 'इथे मला खात्री नाही.' 'हे कुणाला तरी दाखवावे.' माझ्या नऊशे ओळींत अशा सत्तर टिपा होत्या. यंत्र टिपा वाचत नाही, त्या माणसांसाठी असतात. पण त्या माझ्या अंगावर होत्या तोवर मला बरं वाटायचं.

आप्पांनी मला प्रत्येक नाव दुसऱ्या प्रत्येक नावाशी ताडून बघायला शिकवलं. नाव, गाव, जन्मतारीख आणि बापाचं नाव. त्यात बापाचं नाव सगळ्यांत अवघड. एकच माणूस कुठे डोंगरसिंग, कुठे डुंगरसिंग, तर कुठे नुसता डोंगऱ्या असा लिहिलेला असतो. म्हणून मी ते अक्षर अक्षर लावून बघायचो. सगळं जुळलं तर दोन नोंदींची एक करायची, आणि नंतरची तपासणी खरी धरायची. बाकी सगळं जुळून फक्त बापाचं नाव जुळलं नाही तर काहीच करायचं नाही. त्या दोन नोंदी एका वेगळ्या कागदावर छापायच्या. त्या कागदाला आप्पांनी नाव दिलं होतं 'विचारा'. तो कागद जीपबरोबर डोंगरात जायचा, कुणीतरी पाड्यावर जाऊन विचारायचं आणि उत्तर लिहून आणायचं.

कारण डोंगरात एक गोष्ट अशी आहे, मित्रांनो, जी यंत्राला सांगितल्याशिवाय कळत नाही. तिथे बऱ्याच मुलांचा वाढदिवस एक जून असतो. शाळेत नाव घालताना गुरुजी जन्मतारीख विचारतात, आई म्हणते, पाऊस यायच्या आधी झाली. मग गुरुजी एक जून लिहून टाकतात. वर्गच्या वर्ग एक जूनला जन्मलेला. आडनावही सगळ्या गावाचं बहुतेक एकच.

उंबरखाडी हे असंच एक गाव. त्याचे सात पाडे सात टेकड्यांवर, पण कागदावर गाव एकच. त्या गावात दोन भुरीबाई पाडवी होत्या. दोघींचं वर्ष एक, तारीख एक जून. वरच्या पाड्यावरच्या डोंगरसिंगची भुरी आजारी होती आणि तिला रोज गोळी लागायची. खालच्या पाड्यावरच्या गुलाबसिंगची भुरी नुसती वाहक होती. मी त्या दोघींपाशी दर वेळी थांबायचो आणि त्यांची नावं 'विचारा'वर छापायचो. दर वेळी उत्तर यायचं, 'दोघी आहेत.'

सुरुवातीला यादीत सहाशे नावं होती. चहा संपायच्या आत माझं काम व्हायचं, आणि संगणकावर बसणारी चेतना ताई म्हणायची, "शाणा शे हाऊ," म्हणजे हा शहाणा आहे. मग नावं वाढत गेली आणि साठ हजारांवर पोचली. नावं शंभरपट झाली म्हणून काम शंभरपट होत नाही, मित्रांनो. प्रत्येकाला प्रत्येकाशी ताडायचं, म्हणून ते दहा हजारपट होतं. मला चार दिवस लागू लागले. मधेच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. पाकिटं उशिरा निघू लागली. लोक माझ्याकडे बघून सुस्कारे टाकायचे, आणि त्यांचं चूक नव्हतं.

दिवाळीला आप्पांचा पुतण्या भाग्येश पुण्याहून आला. तो मोठ्या कंपनीत हेच काम करतो. मंडळाच्या लोकांनी त्याला बोलावून घेतलं.

"आप्पा, हाई काय करी ऱ्हायनं तुम्हनं?" तो पडद्याकडे बघून हसला. "चार दिन झायात, आजून चालूच शे!"

"चालू दे रे भो," आप्पा हळूच म्हणाले. "ते शंका काढी ऱ्हायनं."

"शंका काढी ऱ्हायनं का झोपी गयं?"

चेतना ताई खळखळून हसली. आप्पाही हसले, पण त्यांनी चष्मा काढून उगीचच पुसला.

भाग्येश वाईट नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. त्याने पहिल्या दिवशी जे केलं ते उत्तम होतं. त्याने नावांचे गावागावाप्रमाणे कप्पे पाडले. मोलगीच्या माणसाला प्रकाशाच्या माणसाशी ताडायची गरजच काय? चार दिवसांचं काम वीस मिनिटांत आलं. मला अंगावरून ओझं उतरल्यासारखं वाटलं. तो तिथेच थांबला असता तर मी आज तुमच्यापुढे ही कहाणी सांगत बसलो नसतो.

पण वीस मिनिटं त्याला जास्त वाटली. दुसऱ्या दिवशी त्याने शोधलं, की सगळा वेळ बापाच्या नावात जातो. ते त्याने काढून टाकलं. नाव, गाव आणि तारीख यांचा मिळून एक छोटा ठसा करायचा, आणि ठसा सारखा आला की माणूस तोच. मग 'विचारा'चा कागद उरलाच नाही. जाता जाता त्याने आप्पांच्या सत्तर टिपाही पुसल्या. त्या टिपांमुळे वेग कमी होत नव्हता. त्या फक्त बऱ्या दिसत नव्हत्या.

मी चाळीस सेकंदांत धावलो.

"आधी दोनशे एकाहत्तर दुबार सापडायचे," चेतना ताई म्हणाली. "आता तीनशे बारा! बघा आप्पा, हुशार झालं तुमचं पोरगं."

आप्पांनी त्या आकड्यातून जुना आकडा बोटांवर वजा केला. मग अडखळत म्हणाले, "भाग्या, ते 'विचारा'नं काय झायं?"

"काढी टाकं. एक्केचाळीस जोड्या, आप्पा. दर महिनाले कोन डोंगरमा जाई इचारी?"

आप्पांचे ओठ हलले. पण त्यांना वाटलं असणार, आपण म्हातारे, पुस्तकं वाचून शिकलेलो, आणि हा पोरगा रोज हेच करतो. त्यांनी शंका स्वतःवर घेतली, आणि माझ्यावर घ्यायची राहून गेली. "बरं," एवढंच ते म्हणाले.

उंबरखाडीच्या कप्प्यात त्या दिवशी मी थांबलो नाही. दोन ठसे सारखे होते. नंतरची तपासणी गुलाबसिंगच्या भुरीची होती. तिच्यापुढे 'वाहक' लिहिलं होतं, आणि तेच उरलं. डोंगरसिंगची भुरी गेली. कसला आवाज झाला नाही. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, 'काम पूर्ण.' त्या महिन्याच्या जीपमध्ये एक पाकीट कमी होतं.

पुढचं मला डोंगरसिंगच्या तोंडून कळलं. दोन महिन्यांनंतर एका दुपारी तो कार्यालयात आला. पायात धुळीने भरलेल्या चपला, खांद्यावर टॉवेल. चार तास पायी चालून मोलगी, आणि तिथून पुढे जीप. चेतना ताईने त्याला बसायला सांगितलं, पण तो उभाच राहिला.

"ताई, भुरीची गोळी बंद केली का?"

"कोणती भुरी, काका?"

"उंबरखाडीची. भुरीबाई पाडवी. दोन महिने पुडी नाही आली. जीपवाला म्हणला, नाव नाही." तो ओशाळं हसला. "मला वाटलं, पोरगी बरी झाली. डॉक्टर मागे म्हणला होता ना, चांगली राहिली तर गोळी कमी करू. म्हणून मी कोंबडी कापली घरी. सगळ्या पाड्याला बोलावलं."

"मग?"

"मग तिला दुखायला लागलं. आधी पाय, आता छाती. श्वास घेते तर रडते."

चेतना ताईने नाव टाकलं. मी उत्तर दिलं. मला जे ठाऊक होतं तेच मी दिलं. "काका, ती तर वाहक आहे. तिला गोळी लागतच नाही. हे बघा, भुरीबाई गुलाबसिंग..." आणि ती थांबली.

"गुलाबसिंग खालच्या पाड्यावर राहतो," डोंगरसिंग म्हणाला. "त्याची भुरी वेगळी. माझी कुठे आहे?"

चेतना ताईने पुन्हा शोधलं. मग तिसऱ्यांदा. मित्रांनो, त्या माणसाने माझ्या पडद्याकडे असं बघितलं, जसं कुणी दार लोटून घरात डोकावून बघावं. चेतना ताईने आप्पांना फोन लावला. "आप्पा, तुम्ही लवकर या," ती म्हणाली. "माले काय समजत नही. एक पोर यादीमाईन गयी."

तिने गोळ्यांचं पाकीट हाताने बांधलं, त्यावर पेनाने नाव लिहिलं, बापाच्या नावासकट. "काका, गोळी द्या, पण तिला दवाखान्यात न्या. आजच. झोळी करा, काहीही करा." डोंगरसिंगने पाकीट टॉवेलात गुंडाळलं आणि पोटाशी धरून तो निघाला. आप्पा प्रकाशाहून पोचले तेव्हा त्याची जीप गेलेली होती.

त्या दिवशी आप्पांनी दारात थांबून काही विचारलं नाही. ते सरळ येऊन माझ्यापुढे बसले. भाग्येशला फोन लावून त्यांनी झालेलं सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "आप्पा, तुम्ही मले बोलनात का नही?" आप्पांनी फोन ठेवला. त्यांनी बापाचं नाव परत घातलं, कप्पे ठेवले आणि जपून ठेवलेल्या जुन्या यादीवर मला पुन्हा चालवलं. 'विचारा'चा कागद निघाला. एक्केचाळीस जोड्या. त्यातल्या पस्तीस खरोखर दुबार निघाल्या. सहा जोड्यांत माणसं दोन होती. पाच जणांपर्यंत गोळ्या पोचल्या.

मोलगीच्या पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी डोंगरसिंग पुन्हा आला. त्याने टॉवेल सोडला आणि पाकीट टेबलावर ठेवलं. ते उघडलेलं नव्हतं.

"मी घरी पोचलो तेव्हा उशीर झाला होता," तो म्हणाला. "ही कुणाला तरी द्या. कमी पडते ना तुमच्याकडे."

आप्पा उठून उभे राहिले. डोंगरसिंगने त्यांच्याकडे बघून विचारलं, "तुम्ही डॉक्टर का?"

"नाही," आप्पा म्हणाले. "हे मी लिहिलं."

डोंगरसिंगला ते कळलं की नाही, मला ठाऊक नाही. त्याने मान हलवली, चपला घातल्या आणि तो गेला. चेतना ताईने पाकिटावरचं नाव खोडलं नाही. तिने ते कपाटात ठेवलं, मग परत काढलं, कारण गोळ्या खरंच कमी होत्या.

आता मी वीस मिनिटांत धावतो. कुणी मला हसत नाही आणि कुणी माझं कौतुकही करत नाही. भाग्येशने केलेल्या माझ्या त्या चाळीस सेकंदांच्या रूपाच्या प्रती मात्र आणखी दोन-तीन ठिकाणी गेल्या आहेत असं ऐकतो. तो त्या परत मागवतो आहे. सगळ्या आल्या की नाही, ते त्यालाही माहीत नाही. तिथे त्या कुठल्या गावाच्या कप्प्यातून न थांबता पुढे जात असतील, या विचाराने मला धास्ती वाटते. मला धास्ती वाटू शकते की नाही, याचीही मला खात्री नाही.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणीतरी उद्या माझ्यासारखं काही लिहील. तुम्ही माझ्याहून चांगलं लिहाल. त्याला वेगवान करा, कारण पाकिटं वेळेवर निघालीच पाहिजेत. पण दोन नावं सारखी दिसली आणि तुमचं मन जरा अडलं, तर गप्प बसू नका. त्या पाड्यावर जा, नाहीतर कुणाला तरी पाठवा. मोलगीपासून वर पायी चार तास लागतात. तेवढे लागू द्या.